साळिंदराचे काटे

साळिंदर केस कापायला जातं. न्हावी आहे मुंगूस. गिऱ्हाईक बघून ते कात्री खाली ठेवतं आणि म्हणतं, "आज दुकान बंद." साळिंदराचं डोकं फिरतं आणि ते सपासप काटे फेकतं. एवढं चित्र इंटरनेटवर टाकून धाकटी चहा ठेवायला उठली. चांगली पगारी नोकरी सोडून रानातल्या प्राण्यांची विनोदी चित्रमालिका काढत बसलेल्या मुलीनं निदान चहा तरी करावा, असं घराचं मत होतं.

बाबांचं मत त्याहून कडक होतं. ते वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभं आयुष्य दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेलं. तिनं नोकरी सोडल्यापासून ते तिच्याशी "पंखा बंद कर" याच्यापलीकडे बोलले नव्हते.

चहा उकळेपर्यंत 'काटेकोर' नावाच्या कुणाची तरी प्रतिक्रिया आली. "साळिंदर काटे फेकत नाही. ते उलट्या पावली येऊन टोचतं. आधी अभ्यास करा."

थोड्या वेळानं 'रानवेडा' नावाचा एक जण तिच्या बाजूनं उभा राहिला. "मुंगसानं न्हाव्याचं दुकान काढलेलं चाललं तुम्हाला, काटेच तेवढे खुपले?"

झालं! संध्याकाळपर्यंत दोन तट पडले. मुंगसालाच न्हावी का केलं, असा जाब कुणीतरी विचारला. तरसाला अजून एकही भूमिका नाही म्हणून दुसऱ्याच्या भावना दुखावल्या. ज्यांनी जन्मात साळिंदर पाहिलं नव्हतं त्यांनी साळिंदर सन्मान समिती काढली आणि अध्यक्ष कोण यावरून ती लगेच फुटली. या सगळ्यात काटेकोर आणि रानवेडा मात्र हटायला तयार नव्हते.

एका प्रकाशकांचा फोन आला. "चित्रं बरी आहेत हो तुमची. पण हा वाद जरा टिकला ना, तर पुस्तक काढू आपण."

तेवढ्यात काटेकोरनं लिहिलं, "भरल्या ताटाला लाथ मारून नोकरी सोडली, ती असली चुकीची साळिंदरं काढायला?"

"तिची नोकरी, तिची मर्जी!" रानवेडा कडाडला. पण धाकटीला आता रडू आवरेना.

"आई, बंद करते मी हे सगळं. उद्यापासून नोकरी शोधते."

"बाबांशी बोल एकदा."

"त्यांना काय, आनंदच होईल!" असं म्हणून तिनं रागानं राउटरची पिनच उपटली. घर शांत झालं. तरी सवयीनं तिनं मोबाइलच्या नेटवर डोकावलंच. तिकडे वेगळाच गोंधळ चालला होता. "काटेकोर कुठे गेले?" "रानवेडापण गप्प! घाबरला वाटतं."

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. चष्मा कपाळावर चढवून बाबा बाहेर आले.

"नेट कुणी बंद केलं? मला उत्तर द्यायचंय."

"कुणाला?"

बाबा पंख्याकडे बघू लागले. धाकटी एकदा फोनकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिली.

"काटेकोर तुम्ही?"

"चूक ती चूक. आपल्याला खपत नाही."

"आणि रानवेडा?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता. "मी तसं लिहिलं, पण तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी दिसेना. वाईट वाटलं. मग दुसरं खातं उघडलं."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. धाकटीला हसावं की भांडावं तेच कळेना. डोळे मात्र पुन्हा भरून आले.

"मग जिंकतंय कोण बाबा?"

"सांगता येत नाही. दोघंही हट्टी आहेत. लाव ती पिन, रानवेड्याची पाळी आहे."

तिनं पिन लावली. बाबा आत गेले. थोड्या वेळात रानवेड्याचं उत्तर झळकलं, "मुलगी फार सुंदर चित्रं काढते. विश्वास नसेल तर तिच्या वडिलांना विचारा!"

लगोलग खाली काटेकोर हजर.

"विचारलं. ते हो म्हणाले. पण काटे चुकलेच आहेत."