दातांच्या डॉक्टरांनी काढलेला बोल्ट

"अगं, भल्याभल्यांच्या अक्कलदाढा उपटणारा माणूस मी! एक बोल्ट आवळायला मला गॅरेजवाला कशाला लागतोय?"

असं म्हणून आमच्या डॉक्टरांनी पाना उचलला आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं!

डॉक्टर म्हणजे दातांचे. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोल्यांत संसार. बोल्ट ज्या गाडीचा, ती गाडी मात्र त्यांची नव्हे, सासऱ्यांची. सासरे धाकट्या मुलाकडे राहायला गेले, तेव्हा आपली लाडकी जुनी मोटारसायकल लेकीच्या अंगणात ठेवून गेले होते. फाटकापर्यंत गेलेले परत आले आणि बजावून गेले, "धूळ पुसा. बाकी कशाला हात लावू नका!"

स्वभावच तसा. जुनी वस्तू दुसऱ्याच्या हातात म्हणून द्यायची नाही. गाडी तर नाहीच, पण दाढसुद्धा नाही! एक दाढ त्यांना केव्हापासून छळत होती, जेवण एका बाजूने चाललं होतं. पण सख्खा जावई दातांचा डॉक्टर असून त्याच्यापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. गाव आपल्याकडे येतं आणि घरचाच माणूस येत नाही, हे डॉक्टरांच्या जिवाला फार लागलं होतं.

म्हणून बेत असा, की दुपारी सासरे भेटायला यायच्या आत गाडी अशी चकचकीत करायची, की म्हातारा खूश! पुसता पुसता इंजिनच्या झाकणाशी तेलाचा थेंब दिसला. डॉक्टरांनी बोल्ट आवळला. थेंब थांबला. तिथे डॉक्टरही थांबले असते, तर ही गोष्ट सांगायला मी कशाला बसलो असतो? पण ते म्हणाले, "आणखी एक पीळ!"

टक्!

बोल्टाचं डोकं पान्यात आलं, धड आतच राहिलं.

"काय वाजलं हो?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"काही नाही! जरासं... सुटं झालंय."

गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो परगावी. पकडीने धरावं, तर धरायला बाहेर काहीच नाही. डॉक्टर पायरीवर मटकन बसले आणि ताडकन उठले. "अगं, हे तर मोडलेलं मूळ! हिरडीत मोडलेली मुळं मी रोज काढतो की!"

पण दाताच्या मशीनची नळी अंगणापर्यंत पोचेना. मग काय, मोटारसायकलच दवाखान्यात! नवराबायकोनं ती ढकलत मागच्या दाराने आत आणली, खुर्चीशेजारी उभी केली, वर मोठा दिवा ओढला. टाकीला ओरखडा नको म्हणून बायकोनं तिला पेशंटचं ॲप्रनही बांधलं. तोवर दवाखान्याच्या दाराबाहेरच्या बाकावर शिवणकामवाल्या काकू आणि शाळेतले मास्तर येऊन बसले होते, याचा या दोघांना पत्ताच नाही.

कुईंऽऽऽ! मशीन सुरू झालं.

"मुळापाशीच मोडलंय," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "वरचं डोकं तर मीच उडवलं!"

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं.

"अहो, गळतंय की!" बायको म्हणाली.

"गळू दे. तू हातोडी शोध."

"लहान की मोठी?"

"आधी लहान. नाहीच हललं तर मोठी!"

"माझी दाढ आता बरी आहे," मास्तर कुणालातरी म्हणाले आणि चपला हातात घेऊन सुटले! पाठोपाठ काकू. फाटकात काकूंची गाठ पडली सासऱ्यांशी. स्वारी लवकर आली होती, एक हात गालावर.

"आत जाऊ नका हो! जावईबापूंनी कुणाचंतरी डोकं उडवलंय!"

सासऱ्यांनी अंगणात पाहिलं. गाडी नाही!  ते तसेच आत आले आणि त्यांनी दवाखान्याचं दार हळूच लोटलं.

दिव्याखाली ॲप्रन बांधलेली गाडी, आणि तिच्यापुढे गुडघे टेकून जावई. मोडक्या बोल्टावर बारीक खाच पाडून त्यांनी तिच्यात स्क्रूड्रायव्हर बसवला होता. अंगाला घाम फुटलेला, पण पेशंटशी बोलायच्या सवयीने गाडीशीही तोंड चालूच. "घाबरायचं नाही, आजी. जरासं दाबल्यासारखं वाटेल हं. तुम्ही बाबांचा जीव की प्राण! तुम्हाला काही झालं, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? घाई नाही. सावकाश. अस्सं... शाबास!"

बोल्ट हलला. फिरत फिरत अलगद बाहेर आला. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून दिव्यापुढे नेला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या. "देवा, फार उपकार झाले रे!"

आणि वळून पाहतात, तर दारात सासरे!

"बाबा... चुकलं माझं. तुम्ही नको म्हणत होतात, तरी मी हात लावला."

 सासरे गाडीजवळ गेले, बोल्टाच्या भोकाभोवती बोट फिरवलं. एक चरासुद्धा नव्हता. मग त्यांनी गाडीचं ॲप्रन सोडलं, स्वतःच्या गळ्यात बांधलं आणि खुर्चीत जाऊन बसले!

"लोखंडाशी इतक्या मायेनं बोलता," ते म्हणाले, "माझ्याशीही बोलालच की. बघा ही दाढ."

तेवढ्यात बायको धावत आली. "अहो, सापडली! मोठी सापडली!"

"ती आधी बाहेर ठेव, बाई!" सासरे ओरडले.

दाढ निघाली. सासरे अजून डोळे मिटून ती कधी निघते याची वाटच बघत होते. त्या दुपारी डॉक्टरांनी मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले म्हणून सांगू! परगावी गेलेल्या गॅरेजवाल्याचे, वेळेवर हातोडी न सापडलेल्या बायकोचे आणि सगळ्यांत जास्त त्या मोडक्या बोल्टाचे. तो अजून त्यांच्या टेबलावर आहे, सासऱ्यांच्या दाढेशेजारी, एकाच बाटलीत.

तोंडात कापूस, त्यामुळे सासऱ्यांना बोलता येईना. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची पाठ थोपटली.

"बाबा! मी चालवू?" डॉक्टरांनी विचारलं.

सासऱ्यांनी मान डोलावली. मग वाकून खाली पडलेला पाना उचलला, स्वतःच्या पिशवीत घातला आणि पिशवीची चेन घट्ट ओढून घेतली.