जिथे कोणी खोकलं नाही

हॉइटचं पत्र ईस्टरच्या आठवड्यात आलं होतं. "दाजी, तुम्ही जिनसेंग लावलंय म्हणे. खरं का? कुठे?" बस, एवढंच. हॉइट म्हणजे माझ्या बायकोचा, आयडेलाचा, धाकटा भाऊ. मी उत्तर दिलं नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरात माणूस एक वेळ तिजोरीची किल्ली देईल, पण आपलं जिनसेंग, ती सोन्याच्या मोलाची औषधी मुळी, कुठे लावलीय ते सांगणार नाही. बायकोलासुद्धा!

पण आज छाती पुढे काढून सांगतो (छाती बेताचीच आहे, तरीही): या डोंगरावर माझ्याइतकं बेमालूम जिनसेंग आजवर कोणी लपवलेलं नाही!

मी जन्मभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली. झाडाशी माझं कधी जमलं नाही. कुंडीतला पुदिनासुद्धा माझ्या हातून मेला. जो पुदिना गाढवाने तुडवला तरी जगतो! थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता हॉइट दरवर्षी म्हणे, "दाजींना फक्त धूळ पिकवता येते, तीही पुस्तकांवर!" सगळे हसत. मीही हसे. शेवटी नऊ वर्षांपूर्वी मेपलच्या सावलीत, कुजलेल्या पानांखाली मी मूठभर बिया गुपचूप दाबल्या. दर वसंतात रोपं वर येत, आणि दर वसंतात मला वाटे, ही दुसऱ्याच कोणाची असणार.

ऑगस्टअखेर हॉइटचा फोन आला. "उत्तर नाही, म्हणजे थाप होती! एक तारखेला खणायचा हंगाम सुरू होतोय. येतोच मी. मुळी दाखवा, नाहीतर यंदा सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर कबूल करा!"

नेमके तेव्हाच रानात चोर फिरू लागले. जिनसेंगची लालभडक फळं म्हणजे चोराला आवतणच! मी जाणत्या शेतकऱ्यासारखा वागलो. फळं तोडून तिथेच मातीत दाबली, रोपं जमिनीलगत छाटली, वर पानं पसरली. दोन पावलं मागे सरून पाहिलं. काही म्हणजे काही दिसेना. वा!

दुसऱ्या दिवशी गेलो. तरीही काही दिसेना. तेच मेपल, तीच पानं, डोंगरभर!

मग मी रांगायला लागलो. नाश्ता झाला की रान गाठायचं आणि अंगणात अंगठी हरवलेल्या नवरीसारखं पानं चाचपत फिरायचं. खालच्या घरातल्या झेलाकाकूंनी ते पाहिलं, आणि झालं! आमच्या जमिनी एकमेकींत मिसळलेल्या, कुंपण कोणाचंच नाही, लपवलेलं जिनसेंग मात्र प्रत्येकाचं. त्यामुळे प्रत्येकाने एकच अर्थ काढला: 'लेम्युएलला (म्हणजे मला) माझं जिनसेंग सापडलं!' पण तसं बोलून दाखवणार कोण? बोलला की त्याचीच जागा फुटली!

एक तारखेला हॉइटला घेऊन वर गेलो, तर रानात जत्रा भरलेली.

"काकू, तुम्ही इथे?"

"कुत्रं हरवलंय."

"तुमच्याकडे कुत्रं कधी होतं?"

"म्हणून तर सापडत नाही ना!"

पाद्री कोल्बर्ट एका झाडाला टेकून प्रार्थना करत होते, एक डोळा उघडा ठेवून. ट्रकवाला व्हर्जिल अळंबी शोधत होता, आभाळाकडे बघत.

"हं, दाखवा दाजी," हॉइट म्हणाला.

मी पहिल्या मेपलपाशी कुदळ उचलली.

"आई गं! पाय मुरगळला!" झेलाकाकू किंचाळल्या. बसल्या जागी!

मी डावीकडे सरकलो. व्हर्जिल खोकला. आणखी सरकलो, तर क्षयरोग्यासारखा खोकला! मागे आलो, खोकला बरा झाला. ओढ्याकडे वळलो, तर पाद्रींची प्रार्थना एकदम वरच्या पट्टीत गेली.

आणि जन्मात पहिल्यांदाच माझं डोकं वेळेवर चाललं. जिथे कोणाला कळ येते, ते त्याचं. जिथे कोणालाच येत नाही, ते माझं! मी कुदळ उगारून डोंगर तुडवू लागलो. कण्हणं, खोकणं, देवाचा धावा! शेवटी एका उतारावर कुदळ उगारली आणि सगळं शांत झालं. काकूंनी चक्क जांभई दिली.

"सगळे आलेत ना?" मी हळूच विचारलं. शंका माझी जात नाही.

मग खणलं. मुळी निघाली. दर हिवाळ्यात देठ गळतो आणि मुळीच्या मानेवर एक वण राहतो. हॉइटने अंगठ्याने माती पुसून ते वण मोजले. पुन्हा मोजले. मग टोपी काढली.

"नऊ! दाजी, ही अगदी माणसासारखी दिसतेय हो."

"हो."

"तुमच्यासारखी. किडकिडीत आणि वाकडी."

"हो!" मी म्हणालो. एवढं सुंदर मला आयुष्यात कोणी म्हणालं नव्हतं.

घोटाळा एवढाच झाला, की आता सगळ्यांना सगळ्यांच्या जागा कळल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच आख्खं खोरं पाठीवर पोती घेऊन डोंगर उतरत होतं.

"बटाटे?" मी व्हर्जिलला विचारलं.

"बटाटे. तुझं?"

"बटाटेच."

नवी जागा? ती मी सांगणार नाही.

हॉइटने मात्र घरी जाऊन माझा डंका पिटला. सासरची यच्चयावत मंडळी फोन करून विचारू लागली, "कुठे लावलंय हो?" तेव्हा मी टेबलाशी बसलो आणि ईस्टरच्या पत्राला उत्तर लिहिलं. कागद बरेच फाडले. एका स्वल्पविरामावर माझं मत ठरत नव्हतं. अखेर ठरलं: "प्रिय हॉइट, कसलं जिनसेंग?"

तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.