हकीकत पाच हजार नंबरी दरवाजाची, कसबे पेण

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध द्वितीया, मंदवासरे, कसबे पेण येथील राजमान्य राजश्री दत्तात्रेय शेठ मूर्तिकार यांचे कारखान्यात जो घोर संग्राम जाहला, त्याची हकीकत कारखान्याचा जुना वहीकार जगन याणे आपले हस्ते लिहिली. यात कमी-जास्त असेल ते शाईचे, सेवकाचे नव्हे.

कारखान्याचा शिरस्ता ऐसा की, गिऱ्हाइकाने आषाढात आपल्या घरचा पाट आणून द्यावा आणि त्याच पाटावर त्याची मूर्ती घडावी, आणि फळीवर ज्याचा पाट आधी मांडला त्याची जागा पक्की. मागाहून खुद्द मामलेदार आला तरी मांडलेला पाट हलवू नये. पाटावर नुसता नंबर, आणि नंबर कोणत्या घरचा हे सेवकाच्या वहीत. परंतु शेठजींची भाची प्रणिताबाई रोह्यास संगणकाचा कोर्स करून आली, आणि यंदा वही बंद करविली, आणि सारी नावे कचेरीतील संगणकात घातली, आणि तारेने दुसरा संगणक पत्र्याच्या शेडीत जोडिला. शेडीत नंबर दाबावा, कचेरीतून नाव यावे, मग छापयंत्राने चिठ्ठी काढावी आणि ती मूर्तीस लावावी, ऐसा बंदोबस्त. सेवकास पंचवीस वर्षांच्या चाकरीनंतर सुतळी कापण्याच्या कामावर नेमिले. त्याबद्दल आमची काडीइतकी तक्रार नाही.

ते दिवशी रोह्यानजीकच्या अष्टमी गावच्या एकेचाळीस मूर्ती रवाना व्हावयाच्या होत्या. टेम्पोचे सरदार शिवा यांनी सकाळीच इतल्ला दिली की, बाराचे आत कूच करावे, पुढे वडखळ नाक्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची दाटी होते. आणि रविवारी टेम्पो दुसरीकडे बांधलेला, मग चवथीपर्यंत अष्टमीचे तोंड दिसणे नाही. शेडीत पहिला नंबर दाबिला. नाव आले नाही. दुसरा दाबिला. तोही मुका. एकेचाळीस गणपती, आणि एकाचेही घर ठाऊक नाही.

कारण ऐसे जाहले की, आदले दिवशी रोह्याचे संगणकवाले जितेशराव छापयंत्राचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र हाकणारा प्रोग्राम, कचेरीतील संगणकात भरून, दोन चहा रिचवून, निघून गेले होते. रोह्यास फोन लाविला. जितेशरावांचे फर्मान आले की मशीन बंद करून चालू करावे. तैसे केले. पुन्हा फोन, पुन्हा तेच फर्मान. तीन वेळा केले, आणि तिन्ही वेळा पडद्यावर एकच खलिता उमटला की पोर्ट पाच हजार आधीच वापरात आहे.

पोर्ट म्हणजे काय, हे सेवकास प्रणिताबाईंनी कपाळास हात लावून सांगितले. संगणक हा किल्ला, त्यास हजारो नंबरी दरवाजे, आणि एका दरवाजावर एकच पहारेकरी. नावे देणारा प्रणिताबाईंचा प्रोग्राम पाच हजार नंबरी दरवाजावर बसे, आणि तो न मिळाल्यास उघडतच नसे, मग कचेरीतही नावे दिसेनात. नव्या ड्रायव्हराने आपला एक छुपा चाकर आत सोडिला, आणि तो मशीन चालू होताच कोणास न पुसता उठे आणि तोच दरवाजा धरून बसे. म्हणजे दर बंद-चालूस आम्हीच गनिमास पहिल्या पंगतीचे ताट वाढीत होतो. सेवक सुतळी कापता कापता मनात पोटभर हसला, हे लपविणे इमानास धरून नाही.

प्रणिताबाईंनी त्या चाकरास हाकलण्याची परवानगी मागितली. तो शेठजींचा हुकूम जाहला की, आधी बसला त्यास उठवणे कारखान्याचे शिरस्त्यात नाही, आणि गणपतीच्या तोंडावर तर मुळीच नाही. प्रणिताबाईंनी परोपरीने सांगितले की मामा, हा पाट नव्हे; शेठजी बधले नाहीत. सव्वाअकरा वाजले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तेव्हा मात्र सेवकाचे हसू आटले.

धोंडुबाई म्हणून चाळीस वर्षे मूर्तींचे डोळे आखणारी बाई शेजारी बसली होती. तिने कुंचला न उचलता पुसले, "कवा बसतो गो तो?"

"मशीन लावली का लगेच. माझ्या आधी."

"मंग उठवू नको त्याला. मशीन परत लाव नि तू आधी बस. पाट आधी मांडायला कुनी नको म्हटलाय काय?"

शेठजींनी क्षणभर विचार केला आणि मान डोलाविली. शिरस्त्यास बाध नव्हता. मग प्रणिताबाईंनी चाकराच्या नावे ताकीद लिहिली की हाक मारल्याशिवाय उठू नये, आणि मशीन बंद केली, आणि चालू केली, आणि आपला प्रोग्राम पाच हजार नंबरी दरवाजावर बसविला, आणि मग चाकरास हाक दिली. तो आला, दरवाजा भरलेला पाहिला, आणि निमूट पाच हजार एकवर जाऊन बसला. इतका शहाणा होता, तर सकाळपासून कोणाची वाट पाहत होता, न कळे.

शेडीत नंबर दाबिला, नाव आले, चिठ्ठी निघाली. एकेचाळीस चिठ्ठ्या सेवकाने आपल्या हाताने सुतळीने बांधिल्या, आणि बारास पाच कमी असता टेम्पोने कूच केले.

सायंकाळी अष्टमीहून गोविंदा दुकानदार यांचा फोन आला. "येकबी पाट चुकला नाय. समदे आपापल्या घरी."

येणेप्रमाणे कारखान्याची फत्ते जाहली. शेठजींनी ती आपल्या नावे लिहिण्याचा हुकूम केला, तो मान्य करून येथे धोंडुबाईंच्या नावे नोंदिली. गतसाली सेवकाच्या वहीच्या अमलात अष्टमीचे तीन पाट भलत्याच घरी गेले होते, ही गोष्ट या बखरीत घालण्याचे काहीएक प्रयोजन नव्हते. परंतु प्रणिताबाई मागे उभ्या राहून वाचीत आहेत.