वर्णपटाच्या पहिल्या आठ तासांची हकीकत

श्री. निळ्या ज्योतीस साष्टांग नमन असो, काचपात्र अभंग असो, तराजूचा काटा शून्यावर असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आषाढमास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. राज्य दुमजली, वरचा मजला गळका, आणि विद्या रसायनाची. राज्यात मुलूख तीन, एक सेंद्रिय, दुसरा भौतिक, तिसरा विश्लेषण, आणि तिहींवर तीन सुभेदार, तिघेही विद्येने थोर, तिघांचेही वजन चौथ्या दशांशापर्यंत बिनचूक, आणि तिघांचे जिने निराळे, त्यामुळे एकमेकांची गाठ वर्षातून दोनदा चहाचे वेळी पडत असे. तिघांवर दिवाण इंदुमतीबाई गुर्जर, पंचवीस वर्षे दौलतीची सेवा केलेल्या, बोलणे थोडे, चष्मा जाड. आणि दफ्तरी शिरगुप्पे नामे दफ्तरदार, त्यांजपाशी एक संगणक, आणि संगणक जे दाखवील तेच खरे ऐसा शिरस्ता पडला होता.

त्या राज्याचा रिवाज ऐसा, की जो शिष्य रसायनाची पदवी घेऊ म्हणेल त्याने आठ दिवसांचे आत सहाही सत्रांचा आराखडा करावा, कोणत्या सत्री कोणता विषय शिकणार ते लिहावे, त्यावर तिन्ही सुभेदारांच्या सह्या घ्याव्या आणि दफ्तरी दाखल करावा. परंतु पोरे पहिल्या दोन सत्रांचे लिहीत आणि पुढे ‘यथावकाश’ ऐसा शब्द घालीत, आणि सुभेदार न वाचता सह्या करीत, आणि कोणाचे काही बिघडत नसे, निदान दफ्तरात तैसे लिहिलेले नव्हते.

त्या साली कागलाकडील तेजश्री इंगवले नामे मुलगी, वय अठरा, त्या राज्यात दाखल जाहली. तिची थोरली बहीण राजश्री हीही चार वर्षांमागे येथेच आली होती, मोठी हुशार, शाळेत पहिला नंबर कधी न सोडिलेली, आणि तिसऱ्या सत्री तिचे रसायन सुटले, दफ्तरी ‘विषय झेपला नाही’ ऐसा शेरा पडला, आणि ती सामान्य पदवी घेऊन गावी परतली आणि शाळेच्या कचेरीत हजेरीपट लिहू लागली. घरी रसायनाचे नाव निघाले की ती उठून परसात जाई. म्हणोन धाकटीने तेच रसायन मागितले तेव्हा वडील फार कष्टी जाहले आणि म्हणाले, की जे थोरलीला जमले नाही ते तुला जमेल कशावरून. मग बराच वाद होऊन तह ऐसा ठरला, की सहा सत्रांचा आराखडा पुरा होऊन दफ्तरी लागला तर राहावे, न लागला तर नवव्या दिवशी गाठोडे बांधून घरी यावे आणि पुन्हा विषय काढू नये.

तेजश्रीने ‘यथावकाश’ लिहिले नाही. तिची आई लग्नाकार्यांचे स्वयंपाक करी, आणि आईची रीत ऐसी, की पंगत बाराला बसावयाची तर तेथून मागे मोजीत यावे, भात अकराला, आमटी दहाला, डाळ शिजत घालणे आठाला, आणि तांदूळ निवडणे आदले दिवशी. मुलीने तीच रीत धरिली. मोठा कागद पसरिला, पदवीदान उजवे हाती लिहिले आणि तेथून मागे मागे येऊ लागली. सहावे सत्र बसले, पाचवे बसले, चौथे बसले, आणि तिसऱ्यापाशी घोडे अडले. कारण ऐसे, की सेंद्रियाचा तिसरा विषय घेण्यास विश्लेषणाचा विषय आधी पुरा पाहिजे ऐसे कलम होते. बरे, विश्लेषण आधी घ्यावे, तर त्यास भौतिकाचा विषय आधी पाहिजे. बरे, भौतिक आधी घ्यावे, तर त्या कलमात लिहिले होते, की सेंद्रियाचा तिसरा विषय उत्तीर्ण असावा. मग तिला वाटले आपणच चुकलो, आणि तिने दुसरा कागद घेतला, आणि मग तिसरा, आणि तिसऱ्याही कागदावर बाण फिरून जेथून निघाला तेथेच आला, तेव्हा तिला बहिणीची आठवण जाहली.

दुसरे दिवशी ती तिन्ही जिने चढली. सेंद्रियाचे सुभेदारांनी आराखडा पाहिला आणि ममतेने सांगितले, की पदार्थातून प्रकाश सोडिला असता कागदावर जी शिखरे उमटतात त्यांस वर्णपट म्हणतात, तो वाचता आल्यावाचून आमच्या मुलखात पाऊल टाकणे व्यर्थ, आणि तो वाचणे विश्लेषणवाले शिकवितात. विश्लेषणाचे सुभेदार म्हणाले, की आम्ही यंत्र चालविणे शिकवितो, शिखर का उठते याचे मूळ भौतिकात आहे. भौतिकाचे सुभेदारांनी सहा फळे भरून समीकरणे दाखविली आणि म्हणाले, की हे सारे कोणत्या पदार्थाविषयी चालले आहे एवढे तरी शिष्यास ठाऊक असावे, आणि ते सेंद्रियात होते. तिघेही खोटे बोलले नाहीत. नवी सनद, म्हणजे अभ्यासक्रमाची नियमावली, होण्याचे वेळी तिघांनी आपापले घरी बसून आपापले कलम लिहिले होते, आणि वर्णपटाचे पहिले आठ तास, जे शिकविण्यास कंटाळवाणे आणि समजण्यास अवघड, ते शेजारी शिकवील ऐसे प्रत्येकाने मनाशी धरिले होते, आणि शेजाऱ्याचे पान कोणी वाचिले नव्हते.

मग ती दफ्तरी गेली. शिरगुप्पे भला मनुष्य, त्यांनी तिचेसमक्ष तिन्ही विषय संगणकात घालून पाहिले आणि संगणकाने तिन्ही नाकारिले. आणि शिरगुप्पे म्हणाले, की पूर्वी मी हाताने लिहीत होतो तेव्हा तिन्ही विषय एकदमच लावून टाकीत होतो, कोणी पुसत नव्हते, परंतु तीन वर्षांमागे हे यंत्र आले आणि आता माझ्या हाती काही राहिले नाही. तेजश्रीने पुसिले, की मग तिसऱ्या सत्री पोरांचे काय होते. शिरगुप्पे म्हणाले, ज्यांनी यांतील एखादा विषय पूर्वी दुसरीकडे केला आहे त्यांचा तो गृहीत धरून यंत्र चालवून घेते, आणि ज्यांचे जुळत नाही त्यांस सामान्य पदवी देतो.

आठवा दिवस उजाडला. तेजश्री दिवाणांचे दारी सकाळपासून बसली आणि दुपारी आत घेण्यात आली. इंदुमतीबाईंनी तिन्ही कागद पाहिले, बाणावर बोट फिरविले, पुन्हा फिरविले, आणि तिन्ही सुभेदारांस तत्काळ हजर होण्याची आज्ञा केली. सुभेदार आले. आज्ञा जाहली, की प्रत्येकाने आपले कलम मोठ्याने वाचावे. सेंद्रियाने वाचिले, विश्लेषणाने वाचिले, भौतिकाने वाचिले, मग सेंद्रियाने आणखी एक वेळ वाचावे ऐसी आज्ञा जाहली, आणि ते वाचीत असता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग मसलतीस रंग चढला. विश्लेषणवाल्यांचे मत पडले, की दोष संगणकाचा. भौतिकवाल्यांनी पुराव्यानिशी दाखविले, की कलम मोडावे तर ते सेंद्रियाचे. सेंद्रियवाले म्हणाले, आमचे कलम सोडून कोणतेही मोडा. ऐसा दीड तास गेला आणि दोन वेळ चहा आला.

शेवटी सेंद्रियाचे सुभेदारांनी तोड काढिली, की सनदेचे ते पानच काढावे, नवे पान जुन्या तारखेने छापून लावावे, म्हणजे चूक जाहलीच नाही आणि बोभाटाही नाही. बाकी दोघांनी मान डोलविली, कारण तिघांचे एकमत होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. तेव्हा भिंतीलगत उभी असलेली तेजश्री बोलली.

“पान नाही काढायचं, सर. आठ दिवसांमागं पहिल्या प्रॅक्टिकलला तुम्हीच सांगितलंय की. वहीतलं पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करायची, तारीख घालायची. मी वहीवर लिहून घेतलंय.”

तो नियम तिघांनीही तीस तीस वर्षे शिकविला होता, पोरांच्या वह्या त्यावरून परत केल्या होत्या, आणि आपल्या चुकीखाली सही करण्याचा प्रसंग तिघांवरही कधी आला नव्हता. सेंद्रियाचे सुभेदार खिडकीबाहेर पाहू लागले. मग इंदुमतीबाईंनी सनद पुढे ओढिली, पेन घेतले, भौतिकाचे कलमावर सरळ एक रेघ मारिली, खालील अक्षर वाचता येईल ऐसी, आणि बाजूस आपले नाव आणि तारीख लिहिली. आणि म्हणाल्या, की वर्णपटाचे पहिले आठ तास यंदापासून मी घेईन, ज्यांस लाज वाटेल त्यांनी येऊन मागील बाकावर बसावे. भौतिकाचे सुभेदारांनी दुसरी सही केली, विश्लेषणवाल्यांनी तिसरी, आणि सेंद्रियवाल्यांनी पेन चालत नाही ऐसे सांगितले, म्हणोन त्यांस दुसरे पेन देण्यात आले. मग तेजश्रीचे आराखड्यावर चारी सह्या जाहल्या.

ती नमस्कार करून निघाली, तो दिवाणांनी शिरगुप्प्यांस बोलावून पुसिले, की या कलमापायी तीन वर्षांत किती जण रसायन सोडून गेले. शिरगुप्प्यांनी यादी काढिली. एकोणीस नावे. प्रत्येकापुढे शेरा एकच, ‘विषय झेपला नाही’, आणि शेऱ्याखाली सही दिवाणांचीच. बाईंनी यादी वाचण्याची आज्ञा केली. चौदावे नाव राजश्री इंगवले ऐसे आले, तेव्हा त्यांनी मान वर करून दारातील मुलीकडे पाहिले. तेजश्री म्हणाली, की ही माझी थोरली बहीण, आणि ते बोलता बोलता तेजश्रीस एकाच वेळी राग आला आणि रडू आले, आणि दोन्ही आवरेनात. इंदुमतीबाईंनी चष्मा काढून मेजावर ठेविला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाल्या, तिला फोन लाव, मी बोलते.

फोन लागला. शाळेच्या कचेरीत घंटा होत होती ती येथे ऐकू आली. दिवाणांनी आपले नाव सांगितले, तीन कलमांचा फेरा सांगितला, आणि स्पष्ट म्हणाल्या, की चूक आमची होती आणि शेरा तुमच्या नावापुढे आम्ही लिहिला, त्याबद्दल मी तुमची माफी मागते. घंटा थांबली. बाईंना वाटले फोन तुटला, म्हणोन त्यांनी दोन वेळ हाक मारिली. मग राजश्री हळू बोलली.

“म्हंजे मला जमत हुतं.”

येणेप्रमाणे एक कलम मोडिले, चार सह्या जाहल्या आणि एक आराखडा दफ्तरी लागला. राजश्री इंगवले पुढील सत्रापासून राहिलेले विषय घेण्यास आली. दरबाराने एकोणीसही जणांस पत्रे पाठविली, त्यांपैकी चौघे परत आले. बाकी पंधरा जणांनी आता उशीर जाहला ऐसे नम्रपणे कळविले, आणि रसायन का सोडिले ऐसे कोणी पुसले असता ते आजही, सवयीने, झेपले नाही म्हणोनच सांगतात.