थंड पाण्याचा घाट

मोठ्या माणसाची ओळख त्याच्या दातृत्वावरून पटते. आणि द्यायचं म्हटलं, तर आधी कुणाला तरी काहीतरी कमी पडावं लागतं. सिगवाल्ड रोन्नेविक यांनी आयुष्यभर या दोन्ही गोष्टींची काळजी वाहिली.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या स्कार्वे बेटावर, एका कोळ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वीज कंपनीत ते अभियंता म्हणून लागले, विभागप्रमुख झाले, संचालक झाले, शेवटी अध्यक्ष झाले. (काही बिघडलं की त्यांना बढती मिळे. कंपनीत बिघाड पुष्कळ होते.) आमच्या धबधब्याची वीज समुद्राच्या पोटातल्या तारेतून परदेशी पाठवायची कल्पना त्यांचीच. लेक सासरी जावी तशी वीज गेली, आणि मागे राहिली ती महाग झाली. मग शाळेमागच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवणं पंचायतीनं बंद केलं.

निवृत्तीनंतर रोन्नेविक दानधर्माकडे वळले. धबधब्यासमोर बसायला त्यांनी चौदा बाकं दिली. (धबधबा आता फक्त रविवारी सोडतात, अकरा ते एक.) बालवाडी गार पडली म्हणून मुलांना लोकरीचे मोजे दिले. आणि गेल्या वसंतात, थंड पाण्यात डुंबण्यासाठी बेटाला घाट देत असल्याचं जाहीर केलं. दानात आराखडा, पितळी पाटी आणि कापायची फीत होती. दगड आणि घाम श्रमदानातून. अट एकच : तो तलाव बुजवायचा आणि वर त्यांच्या कारकिर्दीचं प्रदर्शन मांडायचं.

अडचण होती ती बोर्गहिल्डबाईंची. बाईंनी अख्ख्या बेटाला पोहायला शिकवलं, वय एक्क्याऐंशी. दर गुरुवारी तासभर कोमट पाण्यात चालल्या की त्यांचे गुडघे आठवडाभर सांगितलेलं ऐकत. पाणी गारठलं, गुडघे रुसले. घराचा जिना अकरा पायऱ्यांचा; चौथीवर बसून त्या दम खाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "हिवाळ्याच्या आत तलाव तापला तर बरं, नाहीतर पैलतीरावरचा वृद्धाश्रम."

ग्रामसभा भरली. कॉफी होती, वॅफल होते, रोन्नेविक होते. इतिवृत्त लिहायला मी होतो.

बाई काठीवर उभ्या राहिल्या. "अरे सिगवाल्ड, याच तलावात तू बुडत होतास. केसांना धरून वर काढला तुला."

"आजन्म ऋणी आहे, बाई. म्हणून तर पाटीवर तुमचं नाव घालतोय."

"पाटीनं गुडघा वाकत नाही रे."

"थंड पाण्यानं वाकतो. संशोधन झालंय."

"कुणी केलं?"

"आमच्याच प्रतिष्ठाननं."

"मग आधी तू उतर. बघू दे आम्हाला."

"मी उतरलो असतो हो, पण हा खांदा! डॉक्टरांनी रोज गरम पाणी सांगितलंय. घरीच छोटासा तलाव बांधून घ्यावा लागला."

कुणीही हसलं नाही. दात्याला हसणं वाईट दिसतं.

सरपंच ऑडरूनताईंनी विचारलं, "तलाव बुजवायला कुणाची हरकत?"

बाईंचा हात वर गेला. आता, आमच्या बेटावर पहिला हात वर करणारा स्वतःला चारचौघांपेक्षा शहाणा समजतो असं मानतात. त्यामुळे सगळे दुसऱ्या हाताची वाट बघतात. त्रेसष्ट माणसांनी वाट बघितली. मीही बघितली. (माझ्या हातात पेन होतं.) बाईंचा हात काही खाली येईना, तेव्हा ऑडरूनताई हळूच म्हणाल्या, "बाईंना कॉफी द्या कुणीतरी." मी लिहिलं : ठराव एकमताने मंजूर. एक हात वर होता; कॉफीसाठी असावा.

तीन शनिवारांत तलाव बुजला, पाच शनिवारांत घाट बांधून झाला. बाईंच्या नावात एक अक्षर चुकलंय, पण पितळ उत्तम आहे. आजवर घाटावर एकूण नऊ जण उतरले. पैकी दोघे पाय घसरून.

ऑक्टोबरात बाई पैलतीरी निघाल्या. त्यांचं सामान बोटीवर चढवायला सगळं बेट लोटलं. श्रमदानाला आम्ही कधी नाही म्हणत नाही. कपाट उतरलं, शिवणयंत्र उतरलं, शेवटी खुर्चीत बसवून बाईंना उतरवलं.

ऑडरूनताई रडवेल्या झाल्या होत्या. "बाई, काही लागलं तर कळवायचं हं!"

"कळवलं होतं गं," बाई म्हणाल्या, आणि बोट सुटली.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. सभेतले आम्ही सगळेच्या सगळे बाईंच्याच बाजूचे होतो; अगदी मनापासून, बसल्या जागी. हे वाचताना तुम्ही आहात ना, तस्से.