पळत्या पाटीची मोहीम

सकल गृहराज्यधुरंधर, किल्ल्या-कुलपांच्या धनी, चष्म्याच्या दुकानाच्या खऱ्या मालक वहिनीसाहेब यांचे सेवेसी, सायकल गटाचा चिटणीस, पंप व पंक्चरच्या सामानाचा कारखानीस, सदा पिछाडीस चालणारा आज्ञाधारक हात जोडून लिहितो ऐसे जे: साहेबी आज्ञा जाहली की रविवारी यजमानांचा गुडघा एवढा सुजला असता मुद्रा इतकी प्रसन्न का, याची खरी हकीकत लिहून देणे, कारण यजमानांच्या सांगण्यावर साहेबांचा भरवसा नाही. त्याजवरून जे डोळां देखिले आणि जे मागाहून चौकशीअंती समजले ते तपशिले लिहिले असे. यांत पदरचे काही घातले नाही. घातलेच असेल तर शोभेपुरते.

पूर्वपीठिका साहेबांस ठाऊकच आहे, तथापि बखर म्हटली की ठाऊक गोष्टही सांगावी लागते. साहेबांचे यजमान चष्मेवाले भाऊसाहेब, वय अठ्ठावन्न, नजर गिधाडाची, गुडघे मात्र जुन्या दाराचे. आणि साहेबांच्या धाकट्या भगिनीचे यजमान दंतवैद्य डॉक्टरसाहेब, वय बेचाळीस, मांड्या लोखंडी, सायकल कार्बनची आणि इतकी हलकी की उभी केली असता वाऱ्याने पडते. हे उभयतां साडू. लग्नाच्या तारखेने भाऊसाहेब थोरले, परंतु रस्त्यावर थोरलेपण पायांनी ठरते आणि तेथे भाऊसाहेब गेली नऊ वर्षे धाकटेच.

आमच्या गटाचा दस्तूर असा की दर रविवारी पहाटे कूच करावे, टेकाडांच्या मुलखात शिरावे, आणि वाटेत जे जुने गाव लागेल त्याची रस्त्याकडेची पाटी जो प्रथम ओलांडील त्याने ते गाव जिंकले असे मानावे. गावकऱ्यांस याची वार्ता नसते, त्यामुळे रयतेस उपद्रव होत नाही. एके साली भाऊसाहेबांनी पहिले घर आधी गाठल्याच्या आधारे एक गाव मागितले, तेव्हां डॉक्टरसाहेबांनी संतापून कायदा लिहून काढिला की पाटी ओलांडणे हीच खूण. घर, झाड, खांब, कुत्रे, काही धरले जाणार नाही. त्यावर सर्वांच्या सह्या जाहल्या. नऊ वर्षांत डॉक्टरसाहेबांनी एवढी गावे घेतली की त्यांची नावे त्यांसच आठवत नाहीत, आणि भाऊसाहेबांनी एकही घेतले नाही.

मग गेल्या आठवड्यात हाडांच्या हकीमांनी फर्मान सोडिले की सोमवारपासून सायकल कायमची बंद, आणि साहेबांनी त्यावर मोर्तब केले. म्हणजे रविवारची स्वारी ही भाऊसाहेबांची अखेरची. हे सर्व फौजेस ठाऊक होते. सर्व फौज म्हणजे चार आसामी: उभयतां साडू, हा सेवक, आणि न्यायाधीशपदी गणिताच्या बाई, ज्यांचा दयेचा झरा तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून आटला आहे. कूच होण्याआधी भाऊसाहेबांनी हेल्मेटचा पट्टा आवळीत सर्वांस हुकूम केला, "माझ्यासाठी कोणी ब्रेक लावला तर याद राखा. दान म्हणून दिलेलं गाव मी घेणार नाही." डॉक्टरसाहेबांनी मान डोलाविली. परंतु भाऊसाहेबांचे मनांतील शंका काही जाईना. हा आपल्यावर दया करील काय, या एका भयाने त्यांची आदले रात्रीची झोप गेली होती, हे साहेबांनी स्वतः पाहिलेच असेल.

ऐसियास स्वारी निघाली. पहिले गाव दगडी पुलाचे, तेथे डॉक्टरसाहेब पुलावरच्या भिजल्या दगडांची पर्वा न करिता सुटले आणि गाव घेतले. दुसरे गाव जुन्या वेशीचे, रस्ता फरशीचा, बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करणारा. तेही त्यांनीच घेतले आणि वर वेशीखाली उभे राहून आपलेच छायाचित्र घेतले. मग पडक्या बुरुजाच्या गावापाशी मोठा उतार लागला, आणि उतारावर वजनास किंमत असते, सबब भाऊसाहेब, ज्यांस साहेबांच्या हातचे जेवण मानवते, वाऱ्यासारखे निघाले, डॉक्टरसाहेबांस मागे टाकिले, पाटी वीस हातांवर आली, आणि तेथे चेन पडली. भाऊसाहेबांचे पाय पोकळ फिरू लागले. डॉक्टरसाहेब बाजूने निघून गेले, मागे वळूनही न पाहता. भाऊसाहेबांनी चेन बसविली, काळे हात पाठीवर पुसले, आणि पुन्हा सायकलीवर बसले. या सेवकास मात्र वाईट वाटले, आणि मनांत दोन शिव्या आल्या, त्या येथे लिहीत नाही.

उरले एक गाव. ते लांब चढाच्या माथ्यावर, सभोवती शेते, रस्ता वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, जणू मुलखाने कूस बदलावी. चढ अर्धा सरला तों भाऊसाहेबांचा उजवा गुडघा बोलू लागला. मग चालत्या सायकलींवरच केळ्यांची रसद वाटण्यात आली, पाणी पिण्यात आले, आणि बाईंनी विचारले, "थांबायचं का?" भाऊसाहेब म्हणाले, "थांबलो तर परत चढता येणार नाही." म्हणून थांबलो नाही.

इतक्यात मागून एक छोटा ट्रक आला आणि फौजेस ओलांडून पुढे गेला. त्याच्या हौद्यात एक रंगारी बसला होता, आणि त्याचे शेजारी, केबिनीस टेकून उभी, ताज्या निळ्या अक्षरांची, नुकती रंगविलेली, त्याच गावाची पाटी! भाऊसाहेबांनी ती दोनशे हातांवरून वाचली, कारण अक्षरे वाचणे व वाचविणे हाच त्यांचा धंदा. आणि नको ती चूक करून मोठ्याने वाचली. डॉक्टरसाहेबांचे कान टवकारले. कायद्यात खांब धरला जात नाही, पाटी धरली जाते, आणि पाटी तर पुढे पळते आहे, हे ध्यानी येताच त्यांनी दात-ओठ खाऊन ट्रकाचा पाठलाग आरंभिला.

आता ट्रकाच्या चालकाने आरशात पाहिले, तों काळा चष्मा, घट्ट पिवळे कपडे, ओरडत येणारी ही मूर्ती. त्याची पाचावर धारण बसली. मागाहून तो शपथेवर म्हणाला की त्यास वाटले आपण कोणास तरी धक्का मारून आलो. त्याने गती वाढविली. डॉक्टरसाहेबांनीही वाढविली. येणेप्रमाणे दोघे गावाच्या हद्दीवरील, पाटीवाचून ओके उभे असलेले दोन खांब ओलांडून गेले, आणि रंगारी मोठमोठ्याने सांगू लागला की अरे, इथंच बसवायची आहे, तरी चालक ऐकेना. गावात शिरून त्याने उजवीकडची बोळ धरली आणि मागच्या वाटेने पुन्हा हद्दीकडे वळला. डॉक्टरसाहेबांस बोळ दिसली नाही. ते सरळ गेले, गाव संपले, पुढचे टेकाड लागले, तरी पाटी शोधीत गेले.

इकडे भाऊसाहेब एका पायाने रेटीत, दुसऱ्याने केवळ सोबत करीत, माथ्यावर येत होते. डॉक्टर दिसत नाही म्हणजे गाव गेले, असे समजून त्यांनी मान खाली घातली होती. डोळ्यांत पाणी होते. घामाचे म्हणावे तर तसेही म्हणता येईल. मग आवाजाने त्यांनी मान वर केली, आणि पाहतात तों गाव समोरून चालून येत आहे. ट्रक आला, पाटी आली, आणि भाऊसाहेबांनी हात लांब करून जाता जाता तिच्यावर थाड्कन पंजा मारिला. पंजा निळा जाहला. रंगारी ओरडला, "अहो, ओला आहे रंग!" भाऊसाहेब त्याहून मोठ्याने ओरडले, ते शब्द नव्हते.

पाटी खांबांवर चढली, पंज्याच्या ठशासकट, तेव्हां डॉक्टरसाहेब गावातून उलटे आले आणि दावा मांडिला की खांब मीच प्रथम ओलांडले, गाव माझे. बाईंनी सायकल आडवी लावून न्यायासन मांडिले.

"तुमचाच कायदा आहे, डॉक्टर. खांब धरत नाहीत."

"पण भाऊंनी पाटी ओलांडलीच नाही! पाटीनं भाऊंना ओलांडलं!"

"गणितात ते एकच."

"हे काय गणित आहे? मी जीव तोडून चढ चढलो, आणि ह्यांना घरपोच गाव?"

मग डॉक्टरसाहेब पाव घटका भांडले. हेल्मेट आपटले, ट्रकचालकास साक्षीस बोलाविले, रंगाऱ्यास खोटा म्हणाले, शेवटी बाईंच्या शाळेसही नावे ठेविली. बाई ढिम्म. आणि भाऊसाहेब सायकलीवरच बसून, एक पाय रस्त्यास लावून, हे सारे ऐकत होते, आणि जसजसे डॉक्टर चिडत तसतसे त्यांचे तोंड फुलत होते. साहेबांनी जे पुसले त्याचे उत्तर हेच. दया करणारा मनुष्य असा भांडत नाही. डॉक्टरसाहेबांस गाव खरोखर हवे होते, ते खरोखर हरले होते, आणि नऊ वर्षांत प्रथमच भाऊसाहेबांस कोणी बरोबरीचे मानून शिव्या दिल्या.

निकाल भाऊसाहेबांकडे जाहला. मग विजयी वीरांनी सायकलीवरून उतरावे, तर उतरेनात. प्रथम फौजेस वाटले ही ऐट. मग कळले की गुडघा अडकला आहे. तेव्हां आम्ही सायकल धरली, बाईंनी पाय सोडविला, आणि डॉक्टरसाहेबांनी भाऊसाहेबांस पाठीवर घेऊन गावात प्रवेश केला. दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले. डॉक्टरसाहेबांचा राग अद्याप उतरला नव्हता. चालता चालता म्हणाले, "मी हे मानत नाही, भाऊ. मरेपर्यंत मानणार नाही."

पाठीवरून हुकूम आला, "नकाच मानू. नीट धरा."

येणेप्रमाणे टेकाडावरील गाव, पाटीसह, चष्मेवाले भाऊसाहेब यांनी स्वपराक्रमे, स्वारीच्या अखेरच्या दिवशी, प्रतिपक्षाची हरकत नोंदवून जिंकिले, आणि त्यांचे नावे कायम दाखल जाहले. लढाईत एक गुडघा कामी आला. साहेबांनी शेक द्यावा, रागे भरू नये, आणि धाकट्या भगिनीकडून डॉक्टरसाहेबांचा निरोप आला तर तो खोटा समजावा. कागद संपला, लिहिणे येथवर.