मांडीवरचं पातेलं

"या रस्त्यावर समोरून गाडी आली आणि ऑरिन हॅस्केलचं बोट उचललं गेलं नाही, असं एकाने जरी शपथेवर सांगितलं ना, तर माझी सगळी गुरं त्याच्या कुंपणात हाकलून देईन!"

ऑरिन हे आयडेलाच्या दुकानात छाती ठोकून सांगायचा, आणि त्याच्याशी कुणी वाद घालायचं नाही. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात माणसांपेक्षा हरणं जास्त. तिथे समोरून गाडी येणं हाच मोठा प्रसंग! मग स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं, समोरच्यानेही करायचं, की झाली विचारपूस. ज्याने बोट उचललं नाही तो एकतर परका, नाहीतर तुमचा कायमचा वैरी.

त्या शनिवारी ऑरिनने पांढरा शर्ट घातला होता. लग्नात आणि मयताला घालायचा तो एकच होता. आज तो आयडेलाला मागणी घालणार होता! तो विधुर, ती विधवा. दोन हिवाळे तिच्या दुकानातली कडूजहर कॉफी त्याने निव्वळ तिच्यासाठी घशाखाली घातली होती. नकार आला तर पंचाईत अशी, की तिथे परत तोंड दाखवायची सोय नाही, आणि तोंड दाखवायला आसपास दुसरं दुकानच नाही!

रिकाम्या हाताने कसं जायचं? आयडेलाच्या रानचेरीच्या जेलीला जत्रेत दरवर्षी पहिला मान. म्हणून पठ्ठ्याने स्वतः जेली केली. ती काही केल्या घट्ट होईना.

"वाटेत गार वारं लागलं की आळेल!" असं म्हणून त्याने पातेलंच उचललं. झाकण दुसऱ्याच पातेल्याचं. सीटवर ठेवावं तर शेजारी डस्टी, म्हणजे त्याचा कुत्रा, जिभल्या चाटत बसलेला. मग पातेलं आलं मांडीवर.

गाडी निघाली आणि ऑरिनची तालीम सुरू झाली. "आयडेला, मी हट्टी आहे, घोरतोही. पण तुझ्या कॉफीची शपथ... छे! काय रे डस्टी, कॉफीची शपथ बरी वाटते का?"

डस्टीने जांभई दिली.

एवढ्यात हरणांचा कळप टणाटण उड्या मारत रस्त्यात! ऑरिनने करकचून ब्रेक दाबला. हरणं गेली, पण झाकण उडालं आणि अर्धी जेली त्याच्या मांडीवर! ती अजून चांगलीच गरम होती, हे इथे सांगायला हवं. ऑरिनने दोन्ही हातांनी पातेलं धरलं, गुडघ्यांनी स्टिअरिंग सांभाळलं, दात विचकले आणि कळवळून ओरडला.

आणि नेमका त्याच क्षणी समोरून त्याचा शेजारी वेन लोमॅक्स आला. बोट वर करून!

ऑरिनचं बोट काही उचललं गेलं नाही. लोमॅक्सचा चेहरा खर्रकन उतरला आणि गाडी निघून गेली.

"मेलो!" ऑरिन डस्टीला म्हणाला. "अरे, त्याला वाटणार बैलावरून!" गेल्या महिन्यात लोमॅक्सचा बैल कुंपण मोडून ऑरिनच्या कालवडींत घुसला होता. 'विसर रे,' असं ऑरिनने मोठ्या मनाने म्हटलं होतं. आता विसरायला सांगणाराच दात दाखवून गेला!

त्याने गाडी वळवली आणि लोमॅक्सच्या मागे पिटाळली. हॉर्न दाबला, दिव्यांची उघडझाप केली आणि खिडकीतून अख्खा हात काढून जिवाच्या आकांताने हलवला. जेलीने लालभडक झालेला हात!

लोमॅक्सने आरशात पाहिलं मात्र, त्याची पाचावर धारण बसली. तो धुरळा उडवत पळत सुटला. गाडीतल्या, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवरून तो आयडेलाच्या दुकानात काय ओरडला, ते ऑरिनला नंतर कळलं. "ऑरिन बिघडलाय! मागे लागलाय! हात रक्ताने लाल आहे त्याचा! तो मला..." आणि गाडी टेकडीआड गेल्यामुळे आवाज बंद!

शेवटी दमून ऑरिन मागे फिरला. आधी आयडेला, मग लोमॅक्सची माफी, असं त्याने ठरवलं. दुकानासमोर पाहतो तर ही गर्दी! एरवी इतकी माणसं फक्त जत्रेलाच जमत. पायरीवर पोलीस डेप्युटी ट्रेसा कमरेवर हात ठेवून उभी. ऑरिन उतरला. छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल. मागोमाग डस्टी उतरला. त्याचंही तोंड लाल!

"अरे देवा," गर्दीतून कुणीतरी कण्हलं, "कुत्र्यालासुद्धा खायला घातला!"

"ऑरिन, हात दिसतील असे ठेवा," ट्रेसा म्हणाली. "लोमॅक्स कुठायत?"

"पळाला! सापडलाच नाही, नाहीतर मी त्याला..."

"त्याला काय?"

"बोट दाखवणार होतो! मघाशी दोन्ही हात पातेल्याला होते, म्हणून राहिलं!"

तेवढ्यात दारातून आयडेला आली. ती सरळ ऑरिनपाशी गेली, त्याच्या शर्टावरून बोट फिरवलं आणि चाटलं! गर्दीतल्या एकाने डोळेच मिटले.

"रक्त कसलं? रानचेरी आहे," आयडेला म्हणाली. "साखर कमी पडलीये, म्हणून आळली नाही. पण ऑरिन, दोन्ही हात पातेल्याला का? गाडी थांबवता येत नव्हती?"

"लक्ष नव्हतं. बोलत होतो."

"कुणाशी?" ट्रेसाने विचारलं.

"डस्टीशी."

"काय बोलत होतात?"

ऑरिनला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणी तिथे दगडासारखी टणक. त्याने टोपी काढली, बुटांकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल होत पुटपुटला, "आयडेला, मी हट्टी आहे, घोरतोही... पण तुझ्या कॉफीची शपथ, माझ्याशी लग्न कर."

डस्टी त्याचे बूट चाटत होता. इतकी शरम ऑरिनला जन्मात वाटली नव्हती. हे सगळं लोमॅक्सनेही ऐकलं. तो मागच्या वाटेने येऊन पिंपाआड दडला होता, आता हळूच बाहेर आला.

"आधी त्याला बोट उचल," आयडेला म्हणाली. "माझं नंतर."

ऑरिनने चिकट, लाल बोट वर केलं. लोमॅक्सने त्या बोटाकडे पाहिलं.

"बैलाचं काय?"

"विसरलो रे बाबा. खरंच विसरलो."

मग लोमॅक्सचंही बोट वर झालं.

"पुढच्या शनिवारी ये," आयडेला ऑरिनला म्हणाली. "साखर घेऊन. आधी जेली शीक, मग लग्नाचं बघू."

ऑरिन जेली शिकला, लग्नही झालं. पण त्या रस्त्यावर आता त्याला कुणी बोट उचलत नाही. समोरची गाडी जवळ आली की आतला माणूस दोन्ही हात छातीपुढे नेऊन पातेलं धरल्यासारखे करतो आणि दात विचकतो! लोमॅक्स करतो, सरकारी गाडीतून ट्रेसा करते. ऑरिन मान कॉलरमध्ये घालतो आणि मुकाट बोट वर करतो.

शेजारच्या सीटवर आता आयडेला असते. वाटेत फाटक आलं की तीच उतरून उघडते. डस्टीची रवानगी मागे. या लोकांना जरा दटाव म्हणून तिला सांगायचीही सोय नाही, कारण लांबवर गाडी दिसली रे दिसली की सगळ्यात आधी पातेलं धरते ती आयडेलाच!